चार ते पाच करवत बंद

माझा आवाज मोठा आहे. मी हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली माणसं मागे वळून बघतात, आणि शेजारची लहान मुलं कानांवर हात ठेवून पळतात. एकटी माझी भाची तेवढी कधी दचकली नाही. मी तिच्याजवळ उभी राहून कितीही ओरडले तरी ती आपली शांतपणे खेळत बसायची. हिला आपल्या आत्याचा लळाच तेवढा आहे, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे.

आमचा लाकूड कापायचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर घर. वडिलांनी उभा केला, आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. म्हणजे चालवते मी. तो माल पोहोचवतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, कारण ते काम मला जमत नाही. मोठ्या पट्टा करवतीवर गेली सव्वीस वर्षं मीच उभी असते. पात्याची धार गेली की ते मला कानाआधी तळपायांना कळतं, जमिनीची थरथर बदलते.

करवत चालू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या असतातच. म्हणून आमच्याकडे सगळे हातांनी बोलतात. तळहात उभा धरला की थांब. मूठ गोल फिरवली की ओंडका पालट. कपाळाला दोन बोटं लावली की दोन इंची फळी, आणि हनुवटीवर अंगठा घासला की चहा. पात्यांना धार लावणारे काका वडिलांच्या वेळेपासून आहेत. ते तर हातांनी चहाड्यासुद्धा करतात, आणि त्या चांगल्याच झोंबतात.

भावाची मुलगी या सगळ्यात वाढली. जन्मली तेव्हा इतकी हलकी आणि अंग मुडपून झोपलेली होती की काका म्हणाले, "ही तर रंध्यातून निघालेली ढलपी." तेच नाव पडलं. कारखान्याच्या टोकाला काचेची केबिन आहे, जमीन फळ्यांची, दार घट्ट. दुपारी तिची आई कामावर असली की ढलपी त्या केबिनमध्ये खेळायची आणि काचेतून आमच्याकडे बघायची. वर्षाची व्हायच्या आत तिनं तळहात उभा धरून आईचा चमचा अडवला. मग दुधासाठी हनुवटीवर अंगठा घासायला लागली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," ते म्हणाले, "हिचे हात दिसले." मी तिला लगेच कारखान्याची वारस ठरवून टाकली.

माझी भावजय ग्रंथालयात काम करते. दिवसभर लोकांना गप्प बसवून ही बाई संध्याकाळी आमच्या घरात यायची, जिथं मीठ मागायचं तरी माणूस ओरडतो. ती हळू बोलते आणि थोडं बोलते. आमच्याकडे हळू बोललेलं कोणी मनावर घेत नाही, हा दोष आमचा.

ढलपी चौदा महिन्यांची असताना एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "ताई, ही आठव्या महिन्यात बा-बा, मा-मा करायची. आठवतं ना? आता करत नाही. दोन महिने झाले."

"अगं, आपल्या घरात मुलं उशिराच बोलतात," मी म्हणाले. "तुझा नवरा तीन वर्षांचा होईतो तोंडातून अक्षर काढत नव्हता. आता बघ. गिऱ्हाइकं हात जोडतात, पण हा थांबत नाही."

"पण ताई, येत होतं ते गेलं. एकदा दाखवून तर येऊ."

"काय दाखवायचं? हातांनी सगळं सांगते की. चहा मागते, थांब म्हणते. आपल्या सगळ्यांना बघून शिकली, म्हणून तोंडाला आळस आलाय एवढंच."

भाऊ माझ्याकडे बघून हसला. तो लहानपणापासून माझ्याकडे बघूनच हसायचं की नाही ते ठरवतो. भावजयीनं मात्र कानाच्या डॉक्टरांची तारीख घेतली. ते कळल्यावर मला राग आला. घरच्या माणसांवर विश्वास नाही का, असं काहीतरी मी बोलले आणि सगळ्यांसमोर परीक्षाच घेऊन टाकली. करवत बंद करवली, केबिनमध्ये गेले. ढलपी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी एक जाड फळी उचलली आणि तिच्या मागे धाडकन जमिनीवर टाकली.

ढलपीनं गर्रकन मान वळवली.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले. दारात उभे असलेले सगळे हसले. भावाच्या जिवात जीव आला. भावजयीनं दुसऱ्या दिवशी ती तारीख रद्द केली. तिचा चेहरा मला दिसला होता. नव्हता असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर सहा महिने गेले. ढलपी चालायला लागली, धावायला लागली, दोन ठोकळ्यांवर तिसरा चढवायला लागली. तोंडातून मात्र एक शब्द नाही. बोट दाखवायची, ओढून न्यायची, आणि कळलं नाही तर जमिनीवर लोळण घ्यायची. मी म्हणायचे, आत्यावर गेली, तापट आहे.

सुट्टीचा दिवस होता. कारखाना बंद. मी मागच्या अंगणात भुसा ओढत होते आणि ढलपी भुशाच्या ढिगावर बसून फावड्यानं खड्डा करत होती. भुसा तिच्या कमरेपर्यंत आला होता. ढिगाच्या वरच्या अंगाला दोन ओंडके एकावर एक रचलेले होते, म्हणून मी हाक मारली, "ढलपे, इकडे ये!" तिनं बघितलं नाही. मी पुन्हा मारली, पोटातून. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. ढलपी खड्डा करत राहिली.

मला आधी हसू आलं. मग मी दोन लाकडी तुकडे घेतले आणि एकमेकांवर आपटले. भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली. ढलपीची मान हललीसुद्धा नाही. मी एक फळी उचलली आणि तिच्या मागे भुशावर टाकली. फळी भुशात रुतली. पोरीला पत्ता नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केबिनची जमीन फळ्यांची होती. त्या दिवशी तिनं फळी ऐकली नव्हती. फळी पडल्याची थरथर तिच्या बुडाला कळली होती, जशी पात्याची मला तळपायांना कळते. दुसऱ्या कुठल्या घरात असती तर कोणी टाळी वाजवून बघितलं असतं, नावानं हाक मारून बघितलं असतं. आम्ही लाकूडवाले. आम्ही फळी आपटली. आणि ज्या घरात कामाच्या वेळी कोणालाच काही ऐकू येत नाही, तिथं न ऐकणारी पोर आमच्यातलीच एक होऊन बसली होती.

मी तिला उचललं. तिनं माझ्या नाकावर भुसा चोळला आणि हसली. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वर गेले. भावजय टेबलाशी बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या जायचं. मी चुकले. तिला ऐकू येत नाही."

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलू दे, माझी ऐकायची तयारी होती. ती एवढंच म्हणाली, "मंगळवारची तारीख मी घेऊन ठेवली आहे, ताई. या वेळी तुम्हाला सांगणार नव्हते."

"बरं केलंस," मी म्हणाले. "मी सोबत आले तर चालेल?"

तिनं कात्री पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "चालेल. पण तिथं हळू बोला."

तपासणीची खोली इतकी शांत होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता. ढलपी आईच्या मांडीवर बसली, भाऊ आणि मी मागच्या खुर्च्यांवर. तपासणाऱ्या बाईंनी तिच्या हातात एकात एक बसणाऱ्या वाट्या दिल्या आणि मग खोलीच्या एका कोपऱ्यातून आवाज यायला लागले. आधी हलकी शीळ. ढलपी वाट्या रचत होती. मग जरा मोठी. मग बोलण्याचा आवाज, एखादी बाई शेजारी बसून बोलते तेवढा. ढलपी वाट्या रचत होती. प्रत्येक आवाज मला लख्ख ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, वळ गं बाई, एकदा वळ. शेवटी मला नकोसा झाला एवढा मोठा आवाज आला, तेव्हा तिनं हात थांबवला आणि इकडेतिकडे बघितलं.

आणखी दोन तपासण्या झाल्या, एक तर ती झोपलेली असताना. मग बाईंनी समोर बसवून सांगितलं. दोन्ही कान. फार मोठे आवाज थोडेसे पोहोचतात, बोलणं पोहोचत नाही.

"पण जन्मली तेव्हा कान तपासले होते," भाऊ म्हणाला. "सगळं नीट आहे म्हणाले होते."

"तेव्हा नीटच असेल," बाई म्हणाल्या. "काही मुलांचं ऐकणं नंतर उतरतं. म्हणून तर एकदा तपासून निश्चिंत व्हायचं नसतं. वर्षाच्या मुलाला नावानं हाक मारल्यावर कळलं पाहिजे, त्यानं बडबड केली पाहिजे, बोट दाखवलं पाहिजे. दीड वर्षाला काही शब्द हवेत. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता आले पाहिजेत. यातलं काही नसलं तर वाट बघत बसायचं नाही, यायचं. तपासलं आणि काही निघालं नाही तर बिघडलं कुठं? आणि येत असलेलं गेलं, तर कुठल्याही वयात, लगेच यायचं."

येत असलेलं गेलं. भावजयीनं हेच मला सात महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.

मी विचारलं, आणि एवढ्या हळू मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, "बाई, आमच्या हातवाऱ्यांनी बिघडली का ही? की आमच्या करवतीच्या आवाजानं? काचेच्या केबिनमध्ये असायची ही."

"करवत चालू असताना तिला तिथं ठेवू नका, आधीही ठेवायला नको होतं. पण एवढा फरक काचेआडच्या आवाजानं पडला असेल असं मला वाटत नाही," बाई म्हणाल्या. "हातवाऱ्यांचं म्हणाल तर उलट आहे. त्यांच्यामुळेच तर ही मागायला शिकली, नको म्हणायला शिकली. तिला सांगायचं खूप आहे. हात चालू ठेवा. फक्त तोंडही चालू ठेवा, तिच्यासमोर बसून."

"आणि माझ्यामुळे जे महिने गेले ते?"

बाईंनी उगाच गोड बोलून टाळलं नाही. "ते गेले," त्या म्हणाल्या. "पण अजून दोनचीही नाही. बरेच जण चौथ्या वर्षी येतात, घरातल्या कोणीतरी उशिरा बोलणाऱ्याची गोष्ट सांगत."

उशिरा बोलणारा माझ्या शेजारीच बसला होता. घरी आल्यावर मी काकांना सगळं सांगितलं, तर ते पात्यावरून मान वर न करता म्हणाले, "तुझा भाऊ आपोआप कुठं बोलायला लागला? तुझी आई वर्षभर दर आठवड्याला त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जात होती. कानांत पाणी साचायचं त्याच्या. तू शाळेत असायचीस."

"मग मी एवढी वर्षं ती गोष्ट सांगतेय, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलायला देतेस कोणाला?" काका म्हणाले.



महिन्याभरात ढलपीच्या कानांवर दोन इवलीशी यंत्रं बसली. पहिल्याच दिवशी आईनं तिला नावानं हाक मारली, अगदी त्या ग्रंथालयातल्या आवाजात, आणि ढलपी हातातली बाहुली सोडून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं आईच्या ओठांवर बोट ठेवलं. भावजय इतक्या महिन्यांत रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

मग खरी मेहनत सुरू झाली. बाई आठवड्यातून दोनदा शिकवायच्या, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं की बाकीचे दिवस घरच्यांचे. बोला, रोज बोला, शांत जागेत बोला. आमच्याकडे शांत जागा? दुपारभर खाली करवत आणि वर तिची घरघर. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी एक फळी घेतली, सुतारी पेन्सिलीनं त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, "चार ते पाच करवत बंद", आणि ती दारावर ठोकली.

काका आधी पाटीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. वडील गेले तेव्हासुद्धा मी दुसऱ्या दिवशी करवत चालू केली होती. गिऱ्हाइकं कुरकुरली. मी म्हटलं, घाई असेल त्यानं दातांनी कापून न्यावं.

रोज चार वाजता करवत थांबायची, खाली झाडलोट व्हायची आणि भाऊ ढलपीला घेऊन यायचा. तिच्यासमोर आम्ही सगळे बसायचो, ओंडके उचलणारे दोघे दांडगे गडीसुद्धा. "हा ठोकळा. मोठा ठोकळा. पडला! ठोकळा पडला!" हात चालू, तोंड चालू. एवढी वर्षं हातांनीच बोलणारी माणसं ती, पहिले आठ दिवस त्यांना बोलताच येईना. काका तर ठोकळ्याला ठोकळा म्हणताना लाजायचे. नंतर असे सुटले की त्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी ढलपीनं तर ऐकल्याच, आम्हालाही ऐकाव्या लागल्या.

एक महिना गेला. दोन गेले. ढलपी हाकेला वळायला लागली, दाराची कडी वाजली की बघायला लागली. पुन्हा बा-बा सुरू झालं. शब्द मात्र नाही. चौथ्या महिन्यात भावाचा धीर सुटला. "ताई, हिला नाही येणार," तो म्हणाला. मीही आतून खचले होते, पण ते दाखवायची सवय नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिच्या कानांचं वय चार महिने आहे. चार महिन्यांचं बाळ बोलतं का? थांबा." आम्ही थांबलो. थांबणं मला कधीच जमलेलं नाही, पण या वेळचं थांबणं निराळं होतं. आधी आम्ही हात बांधून थांबलो होतो. आता बाह्या सरसावून थांबलो होतो.

तो दिवस साधाच होता. पाच वाजायला आले होते. एका गिऱ्हाइकाच्या वीस फळ्या संध्याकाळी जायच्या होत्या, म्हणून मी दोन मिनिटं आधीच उठले. ढलपी खाली बसून मनोरा रचत होती. सहा ठोकळे झाले होते, दोन्ही हातांत आणखी एकेक होता. भावजय नुकतीच कामावरून आली होती आणि तिला वर न्यायला दारात उभी होती. "चल, उचल हिला, सुरू करते," असं म्हणून मी सगळ्यांकडे पाठ केली, करवतीकडे गेले आणि बटणावर हात ठेवला.

"थां!"

मी हात तसाच ठेवला. या कारखान्यात मला थांब म्हणायची कोणाची छाती नाही. आवाज अनोळखी होता, जाडसर, जरा घोगरा. मी वळले. काकांचं तोंड उघडं होतं. दोन्ही गडी पुतळे झाले होते. भावजयीनं दाराची चौकट धरली होती.

"कोण बोललं?" मी विचारलं.

ढलपी माझ्याकडे रागानं बघत होती. तिचा मनोरा पुरा व्हायचा होता आणि करवत चालू झाली की तिला उचलून वर नेतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. एरवी तिनं तळहात उभा धरला असता. पण हात ठोकळ्यांनी भरलेले होते आणि माझी तिच्याकडे पाठ होती. पाठीला हात दाखवून काय उपयोग? तिनं ते ओळखलं आणि त्यावर इलाज काढला.

"थांऽब!" ती पुन्हा म्हणाली. या वेळी शेवटच्या अक्षरासकट, आणि मला तंबी दिल्यासारखी.

मग मात्र मला राहवलं नाही. सव्वीस वर्षं करवतीवर मात करून कमावलेला सगळा आवाज मी एकदम बाहेर काढला. "बोलली! अगं, माझी ढलपी बोलली!" छपरावरची पाखरं उडाली. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी दार उघडलं. भाऊ वरून जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आला.

ढलपीच्या हातांतले दोन्ही ठोकळे खाली पडले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले.

मी तिथंच भुशात बसले आणि ढसाढसा रडले, हसत हसत रडले. भावजय माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताई, हळू. तिला ऐकू येतंय."

त्या दिवशी करवत पुन्हा सुरू झाली नाही. वीस फळ्या दुसऱ्या दिवशी गेल्या.